पॅनक्रियाटायटिसनंतरचं ताट

पॅनक्रियाटायटिसचा, म्हणजे स्वादुपिंडाच्या सुजेचा, झटका ओसरून माणूस दवाखान्यातून घरी येतो, तेव्हा सगळ्यात आधी बदलतं ते त्याचं ताट. तूप बंद, तेल बंद, दूध बंद, अंडी बंद, शेंगदाणे बंद. फरीदाबादसारख्या शहरात सकाळचा पराठा लोण्याच्या गोळ्याशिवाय पानात पडत नाही. तिथले शेजारीही येऊन बजावून जातात, ‘घी-तेल बिलकुल बंद कर दो.’ मराठी घरात मग पातळ वरण, मऊ भात आणि उकडलेला दुधी सुरू होतो. पहिल्या काही आठवड्यांपुरतं हे ठीकच असतं, सुजलेल्या ग्रंथीला हलकं अन्न मानवतं. पण तोच पथ्याचा कागद पुढे वर्षानुवर्षं फ्रिजवर चिकटून राहतो. माणूस वाळत जातो, त्याचे कपडे ढगळ होत जातात आणि घरचे म्हणतात, आजारच तसा आहे. हे अर्धंच खरं आहे. उरलेलं वाळणं उपासमारीचं असतं आणि ते टाळता येतं. मला या लेखात मुख्यतः तेच सांगायचं आहे.

स्वादुपिंड जठराच्या मागे, जवळजवळ पाठीच्या कण्याला टेकून आडवं पडलेलं असतं. लांबी साधारण १५ सेंटिमीटर, वजन १०० ग्रॅमच्या आसपास. एवढीशी ग्रंथी दिवसाला लिटर-दीड लिटर पाचकरस तयार करते आणि शिवाय इन्सुलिन, ग्लुकॅगॉन ही रक्तातली साखर सांभाळणारी संप्रेरकंही. पाचकरसातली प्रथिनं फोडणारी एन्झाइम्स ग्रंथीत असेपर्यंत निष्क्रिय असतात, लहान आतड्यात उतरल्यावरच ती कामाला लागतात. काही कारणाने ती ग्रंथीतच सक्रिय झाली की ग्रंथी स्वतःलाच पचवू लागते. ही कल्पना प्रागमधल्या हान्स कियारी या विकृतिशास्त्रज्ञाने १८९६ मध्ये मांडली. अचानक उठणाऱ्या त्या भयंकर पोटदुखीच्या मुळाशी हेच असतं.

एक झटका येऊन गेला आणि ग्रंथी पूर्ववत झाली, असं पुष्कळांच्या बाबतीत घडतं. पण पहिल्या झटक्यानंतर पाचातल्या साधारण एकाला तो पुन्हा येतो आणि शंभरातल्या सुमारे दहा जणांचा आजार पुढे जुनाट, म्हणजे क्रॉनिक होतो. ज्यांना वारंवार झटके येतात त्यांच्यात हे प्रमाण तिघांत एकाहून थोडं जास्त आहे. क्रॉनिक अवस्थेत ग्रंथीचा मऊ, जिवंत भाग जाऊन त्या जागी कडक तंतू येतात, नळीत कॅल्शियमचे खडे साचतात, नळी कुठे आवळते तर कुठे फुगते. गेलेला भाग परत येत नाही. म्हणून पहिल्याच झटक्यानंतर कारण शोधण्यात कसूर करू नये. दुखणं थांबलं म्हणून तपासण्या अर्धवट टाकणारे पुष्कळ असतात, आणि दुसऱ्या झटक्याला तेच पुन्हा भरती होतात.

कारणाचा विषय निघाला की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला: पीत होता का? दारू हे मोठं कारण आहे यात वाद नाही. पण कोचीच्या अमृता इन्स्टिट्यूटचे डॉ. व्ही. बालकृष्णन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशभरातल्या १,०८६ रुग्णांचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात सुमारे ६० टक्के रुग्णांमध्ये कोणतंही उघड कारण सापडलं नाही. दारूमुळे आजार झालेले सुमारे ३९ टक्के होते. म्हणजे आपल्या देशात क्रॉनिक पॅनक्रियाटायटिस असलेला माणूस न पिणारा असण्याची शक्यताच जास्त. कधीही थेंब न घेतलेल्या मुलीला, विद्यार्थ्याला, शिक्षकाला सोयरिकीच्या बोलण्यात आणि ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये या संशयाचं ओझं वाहावं लागतं. आणि जो खरोखर पीत होता, त्यालाही टोमण्यांनी दारू सोडता येत नाही. त्याला व्यसनमुक्तीचे उपचार लागतात, तेही पोटाच्या उपचारांइतक्याच गांभीर्याने.

या ‘विनाकारण’ आजाराची एक जुनी भारतीय कहाणी केरळची आहे. कोट्टयमचे डॉ. पी. जे. गीवर्गीस यांनी तिथल्या गरीब, कुपोषित, तरुण रुग्णांचं तपशीलवार वर्णन केलं. लहानपणी पोटदुखी, वयात येताना मधुमेह आणि भर तारुण्यात मृत्यू. १९६८ मध्ये त्यांचं या मधुमेहावरचं पुस्तक निघालं. हे रुग्ण टॅपिओका, म्हणजे कसावाचा कंद, मोठ्या प्रमाणात खात; म्हणून संशयाची सुई त्याच्यावर गेली. आपला साबुदाणा याच कंदापासून बनतो, त्यामुळे हे वाचून एखाद्याच्या मनात धाकधूक होईल. पण कसावा भरपूर खाल्ला जातो त्या आफ्रिकेतल्या सगळ्या भागांत हा आजार तसा दिसत नाही, आणि तो सिद्धान्त पुढे टिकला नाही. या शतकाच्या सुरुवातीला मात्र भारतीय संशोधकांना वेगळाच धागा सापडला. अशा अनेक रुग्णांमध्ये स्पिंक-१ नावाच्या जनुकात एक बदल असतो. ग्रंथीत चुकून जागं झालेलं ट्रिप्सिन नावाचं एन्झाइम आवरणं हे या जनुकापासून बनणाऱ्या प्रथिनाचं काम. तो लगामच सैल पडलेला असतो. हा बदल असलेल्या प्रत्येकाला आजार होतो असं मुळीच नाही. पण रुग्णाला आणि त्याच्या आईला ‘आमचं काय चुकलं’ या प्रश्नातून सोडवायला एवढी माहिती पुरेशी ठरते.

उत्तर भारतात आणखी एक कारण जोरात आहे: पित्ताशयातले खडे. गंगा-यमुनेच्या या पट्ट्यात त्यांचं प्रमाण बरंच आहे, आणि लहानसा खडा घसरून नळीच्या तोंडाशी अडकला की स्वादुपिंड सुजतं. इथे बातमी चांगली आहे. झटका सौम्य असेल तर त्याच भरतीत पित्ताशय काढून टाकावं, असं नेदरलँड्समध्ये झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीने दाखवून दिलं. त्यामुळे पुन्हा भरती व्हायची वेळ खूप कमी जणांवर येते. ‘दिवाळीनंतर करू’, ‘मुलीच्या परीक्षेनंतर करू’ असं म्हणून हे ऑपरेशन पुढे ढकलणं धोक्याचं आहे. याशिवाय रक्तातले ट्रायग्लिसराइड १,००० च्या वर गेलेले असणं, रक्तात कॅल्शियम वाढलेलं असणं, काही औषधं, आणि क्वचित शरीराच्या प्रतिकारशक्तीने स्वतःवरच केलेला हल्ला ही कारणंही तपासून घ्यावी लागतात.

तंबाखूबद्दल मात्र मला थांबून सांगायचं आहे, कारण पथ्याच्या कागदावर ती बहुतेक वेळा नसतेच. विडी-सिगारेट हे स्वतंत्र कारण आहे, दारूचं शेपूट नव्हे. धूम्रपानामुळे क्रॉनिक पॅनक्रियाटायटिस होण्याची शक्यता वाढते, झालेला आजार वेगाने पुढे जातो, ग्रंथीत खडे लवकर साचतात आणि स्वादुपिंडाच्या कर्करोगाचा धोकाही वाढतो. तूप सोडलं पण शिफ्ट संपल्यावरची विडी चालू ठेवली, हा सौदा फार तोट्याचा आहे.

आता ताटाकडे. क्रॉनिक पॅनक्रियाटायटिसमध्ये एन्झाइम्स कमी पडतात आणि सर्वांत आधी बिघडतं ते चरबीचं पचन. ग्रंथीची कार्यक्षमता सुमारे ९० टक्के गेल्यावर शौच तेलकट, फिकट, उग्र वासाचं होतं, पाण्यावर तरंगतं, भांड्याला चिकटून राहतं. रुग्ण हे लाजेपोटी डॉक्टरांना सांगत नाहीत, आणि डॉक्टरही घाईत विचारत नाहीत. यावर पूर्वीचा उपाय होता तेल-तूप बंद करण्याचा. तो आता मागे पडला आहे. युरोपातल्या पोषणतज्ज्ञांच्या संस्थेने २०२० मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार, एन्झाइम पुरेशी देऊनही तेलकट शौचाचा त्रास थांबत नसेल तरच चरबी कमी करावी, एरवी नाही. ट्रायग्लिसराइडमुळे आजार झालेल्यांची गोष्ट निराळी, त्यांना चरबीवर खरंच बंधन लागतं. बाकीच्यांनी नेहमीचं घरचं जेवण जेवावं: दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं, आणि प्रत्येक वेळी त्यात प्रथिनं असतील असं बघून. शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला एक ते दीड ग्रॅम प्रथिन, हा साधारण हिशेब. ६० किलोच्या माणसाला ६० ते ९० ग्रॅम. वरण-भाताच्या दोन वाट्यांनी हे भागत नाही. जाड वरण, दही, पनीर, अंडी, मासे, सोयाबीन यांतलं काही ना काही दर खाण्यात यावं लागतं. वरणावर चमचाभर तूप चालतं, किंबहुना वजन उतरलेल्या माणसाला ते हवंच असतं.

‘पोटाला बरं’ म्हणून वाडगा वाडगा कोशिंबीर, कोंड्याच्या पोळ्या आणि इसबगोल सुरू करणारे लोक मी पाहते, तेव्हा वाईट वाटतं. फार तंतुमय आहारात एन्झाइम्सचं काम अडतं आणि भूकही आधीच मरते. भाज्या-फळं हवीत, पण मूठभर जेवू शकणाऱ्याचं पोट काकडीने भरून टाकू नये.

आता राहिली कॅप्सूल. पॅनक्रियाटिन नावाने मिळणाऱ्या या कॅप्सूलमध्ये ग्रंथीतलीच एन्झाइम्स असतात, आणि कॅप्सूलवर छापलेला १०,०००, २५,००० असा आकडा हा चरबी पचवणाऱ्या लायपेजचं माप असतं. मोठ्यांना मुख्य जेवणाला साधारण ४० ते ५० हजार युनिट आणि मधल्या खाण्याला त्याच्या निम्मे, अशी सुरुवात करतात. पुढे गरजेप्रमाणे डॉक्टर वाढवतात. आपल्याकडे सगळ्यात जास्त चुका इथे होतात. दिवसातून एक कॅप्सूल, तीही रिकाम्या पोटी, किंवा जेवण आटोपून अर्ध्या तासाने घेतली जाते. कणिक मळतानाच मीठ घालावं लागतं, पोळी भाजून झाल्यावर वरून भुरभुरून उपयोग नाही. ही कॅप्सूलही तशीच जेवणाबरोबर पोटात जायला हवी. पहिल्या घासाबरोबर एक, आणि दोन-तीन घ्यायच्या असतील तर उरलेल्या जेवणाच्या मध्यावर. चावायची नाही. ताक, फळ किंवा नुसत्या चहाला ती लागत नाही. पण दिवाळीची चकली, लग्नातली पुरी-भाजी, बाहेरचे छोले-भटुरे यांना लागते. म्हणून ती पाकिटात किंवा पर्समध्ये सतत असावी. उन्हाळ्यात फरीदाबादचा पारा ४५ च्या आसपास जातो, अशा वेळी स्कूटरच्या डिक्कीत किंवा बंद गाडीत ठेवलेल्या कॅप्सूलमधली एन्झाइम्स निकामी होतात. २५ अंशांखाली, कोरड्या जागी ठेवाव्यात.

एक गोष्ट लपवू नये: ही एन्झाइम्स डुकराच्या स्वादुपिंडापासून काढलेली असतात. मुस्लिम कुटुंबांना आणि कडक शाकाहारी घरांना हे आधी सांगितलं गेलं पाहिजे. धर्म किंवा व्रत यांचा निर्णय ज्याचा त्याने करावा. मात्र तितक्याच ताकदीचा वनस्पतीजन्य पर्याय आज हाताशी नाही. औषधाच्या दुकानात ‘पाचक’ म्हणून मिळणारी गोड सिरपं त्याची जागा घेत नाहीत, कारण चरबी पचवायला लागणारं लायपेज त्यांच्यात पुरेसं नसतं.

कॅप्सूल काम करते आहे का, हे वजनाच्या काट्यावरून आणि शौचावरून कळतं. शंका असेल तर शौचातल्या इलास्टेजची तपासणी होते. प्रतिग्रॅम २०० मायक्रोग्रॅमच्या खालचा आकडा ग्रंथी कमी पडत असल्याचं सुचवतो, १०० च्या खालचा म्हणजे ती बरीच थकली आहे. चरबी न पचल्यामुळे अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वंही शरीराबाहेर जातात. ड जीवनसत्त्वाच्या अभावी तरुण वयात हाडं ठिसूळ होतात. पस्तिशीतल्या माणसाचं मनगट साध्या पडण्याने मोडतं ते यामुळे. वर्षातून एकदा रक्ततपासणी आणि दोनेक वर्षांतून हाडांच्या घनतेची तपासणी करून घ्यावी.

साखरेचं प्रकरण नाजूक आहे. या आजारातून होणाऱ्या मधुमेहाला टाइप ३सी म्हणतात. इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींबरोबर ग्लुकॅगॉनच्या पेशीही गेलेल्या असतात, त्यामुळे साखर वाढते तशी झपाट्याने खालीही येते, आणि खाली आल्यावर तिला सावरणारं शरीरात कोणी नसतं. एकादशीला सकाळचं इन्सुलिन घेऊन दुपारपर्यंत निर्जळी राहणं अशा माणसाच्या जिवावर बेतू शकतं. घरातल्या मोठ्यांनीच पुढाकार घेऊन त्याचा उपास सोडवावा. मधुमेह नसला तरी वर्षाकाठी उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी तपासावं. मधुमेहाची नवी गोळी किंवा वजन कमी करणारं इंजेक्शन कोणी सुचवलं तर स्वादुपिंडाचा इतिहास आधी सांगावा, कारण त्यांतली काही औषधं अशा रुग्णांत सहसा टाळतात.

सर्वांत अवघड प्रश्न दुखण्याचा. वरच्या पोटातून पाठीत घुसणारी, जेवल्यावर वाढणारी कळ. माणूस गुडघे पोटाशी घेऊन पुढे वाकून बसतो, रात्र रात्र तसाच. भीतीने तो जेवणच टाळतो, आणि वाळण्याची आणखी एक वाट उघडते. या दुखण्यावरचं एक महत्त्वाचं काम दिल्लीच्या एम्समध्ये झालं. डॉ. प्रमोद गर्ग आणि सहकाऱ्यांनी १२७ रुग्णांना सहा महिने सेलेनियम, क आणि ई जीवनसत्त्व, बीटा-कॅरोटीन व मेथिओनिन यांचं मिश्रण किंवा नुसत्या दिखाऊ गोळ्या देऊन तुलना केली. निष्कर्ष २००९ मध्ये आले. मिश्रण घेणाऱ्यांचे महिन्यातले दुखण्याचे दिवस सरासरी ७.४ ने घटले, दुसऱ्या गटाचे ३.२ ने. पूर्ण वेदनामुक्त झाले अनुक्रमे ३२ आणि १३ टक्के. त्यांचे रुग्ण सरासरी तिशीतले, आणि १२७ पैकी ९२ जणांच्या आजाराचं कारण अज्ञात होतं. २०१२ मध्ये मँचेस्टरच्या चाचणीत मात्र, जिथे बहुतेक रुग्ण वयाने मोठे आणि दारूमुळे आजारी पडलेले होते, असा फायदा दिसला नाही. मला यातून एवढंच दिसतं की आपल्या रुग्णांवरचं संशोधन आपल्याकडेच व्हायला हवं. हेच डॉ. गर्ग पुढे काही वर्षं फरीदाबादच्या ट्रान्सलेशनल हेल्थ सायन्स अँड टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूटचे कार्यकारी संचालक होते. फरीदाबाद-गुरुग्राम रस्त्यावरच्या जैवतंत्रज्ञान संकुलातली ही संस्था इथल्या फार थोड्या रहिवाशांना माहीत आहे.

नुसत्या वेदनाशामकांवर वर्षं काढू नयेत. ट्रामाडोल आणि त्याहून जड औषधांची सवय लागते. नळीतला मोठा खडा बाहेरून लहरी सोडून फोडता येतो, दुर्बिणीने नळीत स्टेंट घालता येतो. हैदराबादच्या एआयजी रुग्णालयाने खडे फोडण्याच्या या तंत्राचा फार मोठा अनुभव जमवला आहे. शस्त्रक्रिया शेवटचा उपाय मानण्याची रीत आहे, पण नेदरलँड्सच्या ८८ रुग्णांच्या चाचणीत (२०२०) लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांचं दुखणं दुर्बिणीपासून सुरुवात केलेल्यांपेक्षा कमी राहिलं. नळी फुगलेली असेल, दुखणं नव्याने सुरू झालं असेल, तर शल्यचिकित्सकाचं मत तिसऱ्या-चौथ्या स्टेंटची वाट न बघता घ्यावं. जुन्या दुखण्यात मज्जासंस्थाही वेदनेला सरावलेली असते. खडा काढूनही कळ राहते ती म्हणून. त्यासाठी प्रीगाबालिनसारखी नसांवरची औषधं देतात. ‘आता सगळं मनाचं आहे’ असं अशा माणसाला कोणी म्हणू नये.

खर्चाची बाजूही बघायला हवी, कारण फरीदाबाद हे कामगारांचं शहर आहे. दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्या कामगाराला ईएसआयचं कवच असतं. एनआयटी-३ मध्ये ईएसआयसीचं वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालय आहे, आणि आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतनही मिळतं. आयुष्मान कार्ड भरतीच्या वेळी पाच लाखांपर्यंत उपयोगी पडतं, पण घरी गेल्यानंतर त्यातून १५ दिवसांची औषधं मिळतात. एन्झाइमची कॅप्सूल मात्र जन्मभर लागते. तिथेच गरीब घर अडखळतं, तीनाच्या जागी एक कॅप्सूल घेतली जाते. झटक्यावर लाख रुपये देणारी योजना तो झटका आणि कुपोषण टाळणाऱ्या रोजच्या औषधाला पैसे देत नाही, हे बदललं पाहिजे. बल्लभगडला एम्सचा ग्रामीण आरोग्य प्रकल्प १९६५ पासून चालू आहे. दीर्घ आजारांची देखरेख घराजवळ कशी करता येते याचा नमुना याच जिल्ह्यात आहे. मोठ्या सल्ल्यासाठी एम्सला जायचं तर बाटा चौकातून मेट्रोची व्हायलेट लाइन घेऊन केंद्रीय सचिवालयाला बदलावी. जाताना सगळे जुने सीटी स्कॅन, अहवालाच्या कागदासह फिल्म किंवा सीडी, न्यावेत. जुन्या चित्रांशी तुलना केल्याशिवाय नव्यातला बदल सांगता येत नाही.

घरी कुठवर थांबायचं, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं. पोटात कळ उठून ती थांबतच नाही, पाणीही ठरत नाही, ताप येतो, श्वास जड होतो, लघवी कमी होते: यांतलं काही दिसलं तर रात्रीच्या रात्री रुग्णालय गाठावं. डोळे पिवळे दिसणं, काळं शौच किंवा रक्ताची उलटी, यांतही उद्याची वाट बघू नये. आणि वर्षानुवर्षं स्थिर असलेल्या रुग्णाची कळ अचानक वेगळ्या प्रकारची झाली, कॅप्सूल व्यवस्थित चालू असून वजन उतरू लागलं, किंवा आटोक्यातली साखर कारणाशिवाय बिघडली, तर नव्याने स्कॅन करून घ्यावा. या आजारात कर्करोगाचा धोका थोडा वाढलेला असतो, आणि ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या पॅनक्रियाटायटिस आहे त्यांच्यात तो बराच जास्त. अशा घरातल्या भावंडांनी आणि मुलांनी पोटदुखीला ‘गॅस’ म्हणण्याआधी एकदा लायपेज तपासून घ्यावं.